पाट, पंचायत आणि हायकोर्ट: इंग्रजांनी आपला धर्म किती बदलला?

कोरेगावकर: माझं मत सरळ आहे. आज आपण ज्याला हिंदू धर्म म्हणतो, त्यातलं बरंचसं कचेरीत ठरलंय. १७७२ मध्ये बंगालचा इंग्रज गव्हर्नर हेस्टिंग्जने ठरवलं की हिंदूंचे लग्न-वारशाचे खटले शास्त्राप्रमाणे चालवायचे. १७९४ ला कलकत्त्याचा इंग्रज न्यायाधीश जोन्स याने भाषांतर केलेली इंग्रजी मनुस्मृती आली. पण खटावच्या कुणब्याने मनूला कधी विचारलं होतं? त्याच्या घरात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा, भांडण पंचायतीत मिटायचं. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा ज्यांच्यात बंदी होती त्यांच्यासाठी झाला. त्याच्या कलम २ प्रमाणे पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जातो. १८९६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते पाटाची रूढी असलेल्या जातींनाही लावलं. अलाहाबादचं हायकोर्ट मात्र उलट म्हणत होतं. एकच धर्म, आणि हायकोर्ट बदललं की बाईचा हक्क वेगळा!

कृष्णाकाठ: सोयीचं तेवढंच सांगताय. मुंबई इलाख्याचं १८२७ चं चौथं रेग्युलेशन बघा. सरकारी कायदा नसेल तिथे आधी मुलखाचा रिवाज, तो नसेल तर प्रतिवादीचा कायदा. बंगालची गोष्ट साताऱ्याला चिकटवू नका. पाट लावला की पहिल्या घरची जमीन सोडायची, हेही कित्येक जातींत आधीपासून होतं.

आणि वेदोक्ताचं, म्हणजे वेदमंत्रांनी संस्कार करून घ्यायच्या क्षत्रियांच्या हक्काचं काय? १८३० च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या क्षत्रियत्वावरून साताऱ्यात पंडितांचा वाद झाला. विरोधकांच्या पाठीशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, हे त्यांना कुठल्या साहेबाने शिकवलं?

गावरान_माणदेशी: हे बरोबर! आपली पापं गोऱ्यांच्या खात्यावर टाकायची सवयच लागलीय लोकांना.

मिरजेचा_वकील: रेग्युलेशनमध्ये रिवाज पहिला, कबूल. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानेही, १८६८ मध्ये म्हटलं की रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर ती लेखी ग्रंथापेक्षा वरचढ. गोम त्या ‘स्पष्ट पुराव्या’त आहे. ग्रंथ कोर्टाला आयता मिळतो. रूढी मात्र जुनी आहे, निश्चित आहे, अखंड चालत आलीय, हे साक्षीदार उभे करून दाखवायचं. ज्या जातीकडे कागदच नाही तिने काय दाखवायचं? पंचायतीत रिवाज लवचिक होता, गरजेप्रमाणे वळायचा. कोर्टात तो वळला की ‘अखंड नाही’ म्हणून बाद. मला खरा बदल इथे दिसतो, मनुस्मृतीच्या भाषांतरात तेवढा नाही.

कोरेगावकर: मी हेच म्हणत होतो.

कृष्णाकाठ: नाही हो, तुम्ही ‘धर्म कचेरीत ठरला’ म्हणालात. ज्ञानेश्वरी १२९० ची. आषाढीला लोणंद-फलटणवरून जाणारी माऊलींची पालखी काय कलेक्टरने काढली? वकीलसाहेब कोर्टकज्जाबद्दल बोलतायत, तेवढं मान्य. पण कज्जा म्हणजे धर्म नव्हे.

मिरजेचा_वकील: जमीन आणि बायको ज्याने ठरते, ते धर्माबाहेर कसं काढणार?

गावरान_माणदेशी: मग आपलं सरकार आलं, १९५५ ला हिंदू विवाह कायदा केला, तरी तेच चालू ठेवलं की!

मिरजेचा_वकील: सगळं नाही. त्याच कायद्याच्या कलम २९(२) मध्ये रूढीचा काडीमोड अजून शाबूत आहे. फक्त ती रूढी आमच्यात आहे, हे अजूनही पक्षकारालाच सिद्ध करावं लागतं.