नाशकात माणसांची चित्रं नकोत का आपल्याला?

गोदाकाठ: काल एका चित्रकाराचं सोलो प्रदर्शन बघून आलो. सगळी माणसंच, मोठे कॅनव्हास, ऑइल. नाक्यावर कामाची वाट बघणारे गवंडी, लासलगावला कांद्याच्या ट्रॉलीवर झोपलेला पोरगा, आणि एक द्राक्षबागेतलं, मांडवाखाली बायका थिनिंग करतायत, म्हणजे घडातले जादा मणी काढतायत. त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो आणि तेवढ्यात तीन जण विचारून गेले की घाटाची वॉटरकलर्स आहेत का. खूप वाईट वाटलं. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, पावसातला घाट आपल्याकडे खूप रंगवला गेला आणि छानच रंगवला, पण त्यात माणूस म्हणजे ब्रशचे दोन ठिपके. तेच ठिपके जवळ आले की नको होतात का?

कॉलेजरोडकर: घाटाचा मुद्दाच नाहीये, ड्रॉइंग कच्चं आहे. त्या थिनिंगवाल्या बाईचे हात खाली सोडले तर गुडघ्याखाली जातील. खांदा उचलला की फासळ्या कशा ओढल्या जातात हे आधी हातात बसू दे, मग मोडा की. चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्ट होते, त्यांनी शरीर कितीही वाकवलं तरी आत हाडं जाणवतात. इथे नाही जाणवत.

गोदाकाठ: मग चित्रकार भूपेन खख्खरचं काय? चार्टर्ड अकाउंटंट माणूस, अ‍ॅनाटॉमी कुठे बरोबर आहे त्यांची? १९८१ला मुंबई-दिल्लीत सहा जणांनी मिळून माणूस मधोमध ठेवून प्रदर्शन केलं त्यात पटवर्धनही होते आणि खख्खरही, दोघांचं शरीर बघायचं माप एक नव्हतंच.

सातपूर_एमआयडीसी: मला वेगळंच खटकलं. नाक्यावरच्या माणसाचं चित्र, खाली नाव इंग्रजीत, किंमत विचारायला मॅनेजरला गाठा. ज्याचं चित्र आहे तो आत पाऊल टाकेल का? विकत घेणारा बंगल्यात लावणार, त्या माणसाला काय मिळालं?

निफाडची पोर: मी रविवारी मावशीला घेऊन गेले होते. ती सुरगाण्याहून बागांवर यायची, बारा-पंधरा वर्षं थिनिंगच केलं, दिवसभर मान वर, हात वर, कात्रीने एकेका घडातले मणी काढायचे. संध्याकाळी हात खाली घेतले तरी आपले वाटायचे नाहीत, लोंबतायत असं वाटायचं, असं ती नेहमी सांगते. त्या चित्रासमोर गेली आणि काही न बोलता स्वतःचा दंड दाबत उभी राहिली. नाव इंग्रजीत होतं हे बरोबर आहे, मीच वाचून दाखवलं, आणि मराठीत हवंच होतं. पण हात चुकलेत असं तिला नाही वाटलं.

सातपूर_एमआयडीसी: तुम्ही नेलंत म्हणून ती आली ना. माझं म्हणणं तेच आहे.

कॉलेजरोडकर: ताई, तुमचं वाचून परत जाऊन आलो. हातांचं मागे घेतो, ते तसेच हवेत. पण पाय बघा. मांडव उंच असला की टाचा उचलून उभं राहावं लागतं, तसं काढायचं असेल तर सगळा भार चवड्यावर यायला पाहिजे, बोटं मातीत रुतायला पाहिजेत. इथे पाय नुसते खाली सोडलेत. जमिनीचा जोर नसेल तर एवढे लांब हात दिवसभर वर धरणार कशाच्या बळावर?