डाइव्हची शिक्षा मॅचनंतर, हुज्जतीची जागच्या जागी. पटतंय का?

बॉक्स टू बॉक्स (धागाकर्ता)

फुटबॉलमध्ये डाइव्ह मारणं (म्हणजे फाऊल मिळावा म्हणून मुद्दाम पडणं) आणि रेफरीशी हुज्जत घालणं, दोन्हींवर नियमपुस्तकात एकच औषध आहे: पिवळं कार्ड. मला ते दोन्हीकडे चुकीचं वाटतं. डाइव्हचा निकाल मॅचनंतर व्हिडिओ बघून लावावा आणि दोन मॅचची बंदी घालावी. हुज्जत घालणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे 10 मिनिटं बाहेर बसवावं.

डाइव्हमध्ये खरी अडचण दिसण्याची आहे. रेफरी पळता पळता, एकाच कोनातून, एकदाच बघतो. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये कोरियाविरुद्ध इटलीचा टोटी एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टी बॉक्समध्ये पडला. रेफरी बायरन मोरेनोने डाइव्ह ठरवून दुसरं पिवळं दाखवलं, इटली दहा खेळाडूंवर आली आणि गोल्डन गोलवर (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की मॅच संपली) घरी गेली. त्याच स्पर्धेत तुर्कस्तानविरुद्ध ब्राझीलचा रिवाल्डो कॉर्नर फ्लॅगपाशी उभा होता. हाकान उन्सालने मारलेला बॉल लागला पायाला, रिवाल्डो कोसळला चेहरा धरून. उन्साल बाहेर गेला. रिवाल्डोला नंतर 11,500 स्विस फ्रँक दंड झाला, पण एका मॅचचीही बंदी नाही.

इंग्लंडने 2017-18 पासून बरी पद्धत आणली. एक माजी रेफरी, एक माजी मॅनेजर आणि एक माजी खेळाडू व्हिडिओ बघतात. तिघांचं एकमत झालं तरच खेळाडूवर आरोप ठेवला जातो, आणि सिद्ध झाला की दोन मॅच बाहेर. हेच सगळीकडे का नको?

कोथरूडचा स्टॉपर

साफ विरोध. ज्याचं नुकसान झालं त्याला यातून काय मिळतं ते बघा. प्रीमियर लीगमध्ये या नियमाखाली पहिला सापडला एव्हर्टनचा निआस, नोव्हेंबर 2017 मध्ये, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पाचव्याच मिनिटाला पेनल्टी मिळवली, त्यावर एव्हर्टनचा गोल झाला, पुढे निआसने स्वतः एक मारला आणि मॅच 2-2 सुटली. बंदी आली तोवर पॅलेसचे दोन गुण गेलेले. फायदा झाला तो एव्हर्टनच्या पुढच्या दोन प्रतिस्पर्ध्यांना.

शिवाय तिथे ही बंदी फक्त फसवणूक यशस्वी झाली तरच लागते, म्हणजे पेनल्टी मिळाली किंवा समोरचा बाहेर गेला तर. मिडफिल्डमध्ये लोळण घेऊन चाळीस सेकंद खाणाऱ्याला कोण विचारतो?

आणि रिवाल्डोचं उदाहरण तुम्ही अर्धंच दिलंत. त्याने सोंग केलं हे खरं. पण खेळ थांबलेला असताना चिडून समोरच्याच्या अंगावर बॉल मारणं हे बेशिस्तच आहे, बॉल कुठेही लागो. उन्सालला आधीचं एक पिवळं होतं. दुसरं त्याने स्वतः ओढवून घेतलं.

डावा विंगर

तुम्ही दोघंही मुळापाशी जात नाही. खेळाडू पडतो कारण उभं राहिलं की फाऊल मिळत नाही.

फाऊल आणि बेशिस्तीच्या नियमात (नियम 12) पाय घालून पाडणं जसं फाऊल, तसाच तसा प्रयत्न करणंही फाऊल. स्पर्श झालाच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट नुसता स्पर्श झाला म्हणून फाऊल होतो असंही नाही. तरी कॉमेंटेटरपासून चहाच्या टपरीपर्यंत वाद एकाच शब्दावर: 'टच होता का?' त्यामुळे फॉरवर्ड काय शिकतो? टच शोधायचा. डिफेंडरच्या बाजूला पाय सोडायचा, लागला की पडायचं.

पूर्ण वेगात मागच्या पायाच्या टाचेला हलका धक्का लागला तरी तो पाय स्वतःच्याच दुसऱ्या पोटरीत अडकतो आणि माणूस आडवा होतो. स्टँडमधून ते नाटक वाटतं. आणि जो तोल सावरून दोन पावलं पुढे जातो, त्याचा शॉट तोवर गेलेला असतो. त्याला शिट्टी मिळत नाही. रेफरींनी अशा वेळी बेधडक पेनल्टी द्यायला सुरुवात करावी. पडण्याचा फायदाच उरला नाही तर पडेल कोण?

शिट्टी आणि वही

विंगर, तुमचं निम्मं म्हणणं मान्य. राहिलेलं निम्मं मैदानावर अवघड जातं. अडखळल्यावर लगेच शिट्टी वाजवली आणि त्याच क्षणी त्याने गोल मारला, तर? म्हणून दोन-तीन सेकंद थांबायचं, फायदा झाला नाही की मागच्या फाऊलची शिट्टी. हे नियमात आहे. धीर मात्र लागतो, कारण उशिरा दिलेल्या पेनल्टीवर अख्खा संघ अंगावर येतो.

डाइव्ह ओळखता येतच नाही, हे मात्र मला मान्य नाही. पोर्ट्समथ विद्यापीठाच्या पॉल मॉरिस आणि डेव्हिड लुइस यांनी यावर अभ्यास केलाय. खऱ्या धडकेत शरीर धक्का बसल्या बसल्या आणि धक्क्याच्याच दिशेने जातं. सोंगात मध्ये क्षणभर फट पडते, किंवा धक्का डावीकडून बसतो आणि माणूस पुढे झेपावतो. लागतं एका जागी, हात जातो दुसऱ्या जागी. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे ताणलेल्या धनुष्यासारखी पाठ: छाती पुढे, मान मागे, दोन्ही हात वर, गुडघे दुमडलेले. खरोखर पडणारा माणूस हात खाली टेकायला नेतो किंवा पसरून तोल धरतो. हात डोक्यावर फेकायला त्याला सवड नसते.

हे दिसण्यासाठी बॉलच्या सरळ मागे न राहता दोघांच्या मधली फट दिसेल अशा बाजूला उभं राहावं लागतं. पाठीमागून बघितलं तर प्रत्येक टॅकल फाऊल दिसतो.

अजून एक: 'फाऊल नाही' म्हणजे 'डाइव्ह' नव्हे. घसरला, आपल्याच पायात अडकला, बरोबरीच्या धक्क्यात पडला, तर शिट्टीही नाही आणि कार्डही नाही. हा तिसरा निर्णय लोक विसरतात. मला तर टोटीचं प्रकरण याच खणातलं वाटतं.

धागाकर्त्याच्या समितीलाही नेमकं हेच ठरवणं जड जातं. 2009 मध्ये आर्सेनलच्या एदुआर्दोला सेल्टिकविरुद्धच्या पेनल्टीबद्दल युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) दोन मॅचची बंदी घातली आणि अपिलात तीच मागे घ्यावी लागली. गोलकीपरशी अजिबात स्पर्श झाला नाही, हे निर्विवाद सिद्ध करता आलं नाही.

बॉक्स टू बॉक्स

एदुआर्दोचा मुद्दा वजनदार आहे. म्हणूनच तिघांचं एकमत हवं. शंका असेल तर सोडून द्या, स्वच्छ दिसतंय तिथे तरी पकडा. पॅलेसचे गुण परत येणार नाहीत हे खरं, पण पुढच्या खेपेला पडण्याआधी निआसच काय, त्याचा कोचही विचार करेल.

हुज्जतीवर कोणीच बोललं नाही.

औंधचा लाइन्समन

मी बोलतो. हा सगळ्यात मोठा रोग आहे, कारण तो वरून खाली झिरपतो. टीव्हीवर पाच जण रेफरीला घेरतात, रविवारी बारा वर्षांची मुलं तेच करतात.

इंग्लंडने 2000 नंतर काही वर्षं एक प्रयोग केला होता: हुज्जत घातली की फ्री किक 10 यार्ड पुढे. रग्बीत हे चालतं, फुटबॉलमध्ये फसलं. 28 यार्डांवरची फ्री किक 18 वर आली की समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून बॉल उचलून खाली आणणं उलट कठीण होतं, म्हणजे शिक्षा कधीकधी बक्षीस ठरायची. 2005 मध्ये तो बंद झाला.

10 मिनिटं बाहेर बसवण्याची सोय नियमांत आहे, पण मुलांच्या, व्हेटरन्सच्या आणि स्थानिक पातळीच्या फुटबॉलसाठी. वेळ एकूण खेळाच्या 10 ते 15 टक्के. म्हणजे 60 मिनिटांची मॅच असेल तर 6 ते 9 मिनिटं. मोजणी खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून करायची, बाहेर पाठवल्यापासून नाही. इथेच गोंधळ होतो. परत यायचं ते टचलाइनवरून, रेफरीने खूण केल्यावर. पुण्यातल्या शाळांच्या आणि क्लबांच्या स्पर्धांनी हे उद्यापासून करावं. कॅमेरा लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त चौथा माणूस घड्याळ घेऊन हवा. पिंपरीत नेहरूनगरला हॉकी बघणाऱ्यांना हिरव्या कार्डावर दोन मिनिटं बाहेर बसणं नवीन नाही.

कोथरूडचा स्टॉपर

शाळेत ठीक. प्रोफेशनलमध्ये दहा जणांचा संघ ती 10 मिनिटं दुखापतीच्या नावाखाली गोलकीपरला झोपवून, थ्रो-इनला बूट बांधून काढेल. खेळच बघायला मिळणार नाही. त्यापेक्षा युरो 2024 मध्ये केलं ते बरं: रेफरीशी फक्त कॅप्टन बोलेल, दुसरा कोणी आला की पिवळं. कॅप्टन गोलकीपर असेल तर आधीच एक मैदानी खेळाडू ठरवून द्यायचा.

शिट्टी आणि वही

याला माझा पाठिंबा. पण कॅप्टनला कारण सांगणं ही रेफरीची बाजूही त्यात येते, ती विसरू नका. 3 मार्च 2023 ला बंगळुरूत बंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध झटपट फ्री किक मारून गोल केला. ब्लास्टर्सचं म्हणणं, शिट्टी व्हायची होती. त्यांच्या कोचने संघच मैदानाबाहेर काढला. क्लबला 4 कोटी दंड, कोचला 10 मॅचची बंदी. संघ बाहेर काढण्याचं समर्थन मी करणार नाही. पण अशा जागी फ्री किक देताना रेफरीने शिट्टीकडे बोट दाखवलं की 'थांबा, मी वाजवेपर्यंत मारायची नाही' हे सगळ्यांना कळतं. आणि झटपट मारू देणार असाल तर भिंतीचं अंतर मोजायला मध्ये पडू नका. दोन्ही अर्धवट केलं की भांडण ठरलेलं.

डावा विंगर

बोट दाखवण्याचं आमच्या अंडर-13 च्या रेफरींनाही सांगा. त्या वयात मुलं हुज्जत घालत नाहीत, खरंच विचारत असतात.