मदत हवी आहे: कागदपत्रं पक्की, पण बाजारात पत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे थोडे यंत्रमाग आहेत. उद्यम नोंदणी, जीएसटी, सगळं रीतसर. अब्बा होते तोवर त्यांच्या शब्दावर सूत उधार मिळायचं; आता रोख मोजावी लागते. त्यात एका जुन्या व्यापाऱ्याने टॉवेलचा काठ चिमटीत धरून पाहिला, माल पसंत केला आणि म्हणाला, "बिलावर भागीदाराचं नाव टाका, शेख नको." खरं तर पद्मशाली समाजाचे विणकरही बाहेरून, तेलंगणातूनच इथे आले, आणि आज त्यांची चादर म्हटलं की अख्ख्या गावाची कॉलर ताठ!

सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे हा माल या भागाचाच अशी सरकारी नोंद) आहे. त्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. त्याने व्यापाऱ्याच्या वागण्यात खरंच फरक पडतो का? की कारखानदारांच्या संघात कुणी हात धरून नेल्याशिवाय भागत नाही? नोंदणी केलेल्यांनी कागद कोणते लागले, वेळ किती गेला, तेही सांगा. सूतवाल्याचा भरवसा परत कसा बसवलात, हेही.

नाव बदलायचा सल्ला तेवढा नको.