प्रतिसाद : १८५०च्या मागे जाताना

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं घराणं १८५०च्या जनगणनेपर्यंत नीट सापडतं आणि १८४०मध्ये एकदम नाहीसं होतं, असं तुम्ही म्हणता. नाहीसं होत नाही हो! १८४०पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. प्रत्येक मुक्त व्यक्तीचं नाव १८५०पासून आलं, आणि प्रमुखाशी नातं काय हे तर १८८०पासून. त्यामुळे १८५०च्या घरातली सगळी मुलं तेव्हाच्या बायकोचीच, असं धरून चालू नका. पहिली बायको बाळंतपणात जाऊन दुसरी आलेली, हे तेव्हा काही दुर्मीळ नव्हतं.

मी तर आता जनगणना बाजूला ठेवून कौंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टातली मृत्युपत्रं आणि वाटणीचे कागद बघेन. मुली, जावई, नातवंडं तिथे बऱ्याचदा नावानिशी भेटतात. फक्त कौंट्या सारख्या फुटत होत्या, कुटुंब जागचं न हलताही कौंटी बदलायची. तेव्हा मूळ कौंटीचं दप्तरही तपासा.

त्याच कागदांत गुलाम माणसांची नावं असतात, अनेकदा किमतीसकट. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा वय, लिंग, कातडीचा रंग एवढंच. म्हणून १८७०च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या, मागे जाऊ पाहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना मालकांचे हे कागद मोठा आधार ठरतात. अशी नावं दिसली तर वगळू नका, कृपया वंशावळीसोबत टिपून सगळ्यांसाठी खुली ठेवा.

आणि १८९०ची जनगणना शोधत बसू नका. १९२१च्या आगीनंतर तिचं जवळपास काहीच उरलं नाही.