मदत हवी आहे: स्कॅनरवरचं बोलणं रेकॉर्ड करून परत कसं ऐकायचं? (तातडीचं!)

उडती_चकली
हातात धरायचा रेडिओ स्कॅनर घेतलाय. ऐकू छान येतं, पण रेकॉर्ड कसं करायचं तेच सापडत नाहीये. मॅन्युअल चाळलं, सगळी बटणं दाबून झाली. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येकाच्या हातात वेगळंच यंत्र. शनिवारच्या आत हवंय. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

ध्वनिवेडा
मॉडेल कुठलं? ऐकताय काय: पोलीस, अग्निशमन, विमानं? राहता कुठे? यातलं काहीच न सांगता आम्ही काय सांगणार, कप्पाळ?

खारघर_ते_डॅलस
मॉडेल कुठलंही असो, रिप्लेचं बटण असतंच. माझ्या युनिडन बीसीडी४३६एचपीवर मागची २४० सेकंदं परत ऐकता येतात, वर कार्डावर हवं तेवढं रेकॉर्ड करा. मेमरी कार्ड घातलंय ना नीट?

उडती_चकली
कार्डाला जागाच नाहीये हो. रिप्लेही नाही. युनिडन बीसी१२५एटी आहे. विमानं ऐकायचीत.

ध्वनिवेडा
मग बटणं दाबणं थांबवा, या मॉडेलमध्ये रेकॉर्डिंगची सोयच नाही. यूएसबी आहे ती चार्जिंगला आणि कॉम्प्युटरवरून चॅनेल भरायला. आवाज बाहेर काढायचा तर हेडफोनच्या भोकातून. तिथून वायर रेकॉर्डरला. पिन घातली की स्कॅनरचा स्पीकर बंद पडतो, म्हणून वाय आकाराचा जोड घ्या आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन लावा.

खारघर_ते_डॅलस
म्हणजे स्वस्तातला घेतला. ४३६ घ्यायला हवा होता.

ध्वनिवेडा
उगाच? विमानांचं बोलणं साध्या एएममध्ये असतं. त्याला तुमचा महागडा डिजिटल स्कॅनर कशाला?

टेम्सकाठचा
रेकॉर्डिंग राहू दे, नुसतं ऐकणंही बेकायदेशीर आहे, याचा कुणी विचार केलाय का? आमच्याकडे ब्रिटनमध्ये विमानांचं बोलणं असं ऐकलं तर २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली गुन्हा होतो.

सनीवेलकर
ते तुमच्याकडे. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यात विमानांच्या आणि जहाजांच्या रेडिओला सरळ सूट आहे, खुशाल ऐका. मात्र हाच डबा पिशवीत टाकून पुण्याला नेऊ नका. भारतात विनापरवाना रेडिओ यंत्र बाळगण्यावर १९३३ पासून कायदा आहे, कस्टमवाल्याला समजावत बसाल.

उडती_चकली
पुण्याला कोण नेतंय! कॅलिफोर्नियात, मिलपिटासला राहते. लेकीची शनिवारी पहिली सोलो आहे, म्हणजे एकटीने विमान उडवणार, इथल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर. तिचं टॉवरशी बोलणं सांगलीच्या आजीला ऐकवायचंय. नवऱ्याने घरातली एक वायर लावून फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. फोनला वायर कळलीच नाही, त्याने आपल्याच माइकवरून आमच्या मिक्सरचा आवाज घेतला.

सनीवेलकर
अहो, हे आधी सांगायचं ना! अभिनंदन! पण शनिवार धरून बसू नका. सोलो कधी ते इन्स्ट्रक्टर आयत्या वेळी ठरवतो, वारा वाकडा असेल तर रद्दच.

ध्वनिवेडा
घरच्या वायरीच्या पिनवर तीन काळ्या रेघा नसून दोनच असतील. फोनला माइक ओळखायला चार भागांची पिन लागते. आणि ओळखला तरी हेडफोनचा आवाज माइकच्या मानाने फार जोरात, सगळं फाटतं. आवाज दाबणारी खास वायर मिळते ती घ्या, नाहीतर लाइन-इन असलेला व्हॉइस रेकॉर्डर. लॅपटॉपला जोडणार असाल तर स्कॅनर त्याच लॅपटॉपवर चार्जिंगला लावू नका, गुणगुण येते. बॅटरीवर चालवा.

पोळपाट_लाटणं
एवढा खटाटोप कशाला? फोन स्पीकरपाशी ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. आजीला काय स्टुडिओत बसवणार आहात?

ध्वनिवेडा
बाजूने विमान गेलं की त्यात काय राहील?

पोळपाट_लाटणं
विमानाचा आवाज. तोच तर हवाय.

डेटाचा_दुष्काळ
सगळेच चुकताय. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ) आणि रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या. टॉवर ११९.८, ग्राउंड (जमिनीवरच्या विमानांशी बोलणारे) १२१.६५, दोन्ही एका डोंगलच्या २.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतात. दोन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या फायलींत रेकॉर्ड होतील. लिनक्स येतं ना?

उडती_चकली
नाही येत. शनिवार आहे हो.

खारघर_ते_डॅलस
लाइव्हएटीसी या साइटवर टॉवरचं बोलणं आयतं मिळेल. अर्ध्या अर्ध्या तासाच्या फायली असतात. वेळ ग्रीनिचची असते एवढं लक्षात ठेवा, नाहीतर दुपारच्या उड्डाणासाठी पहाटेची फाइल उघडाल.

सनीवेलकर
ते हाताशी ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. पुष्कळ ठिकाणी एकाच फीडमध्ये दोन-तीन फ्रिक्वेन्सी कोंबलेल्या असतात. दोघं एकदम बोलले की एक गेलाच.

उडती_चकली
लॅपटॉपला जोडलं, येतंय! पण काल दुपारभर रेकॉर्ड केलं त्यात एकच बाई हवामान सांगतेय. वारा, ढग, दाब, आणि परत पहिल्यापासून. टॉवर नाहीच.

ध्वनिवेडा
एटीआयएस, म्हणजे विमानतळाची हवामानाची रेकॉर्ड केलेली सूचना, भरलंय ना चॅनेलमध्ये? ते सतत चालू असतं, स्कॅनर त्यावर थांबला की हलतच नाही. ते चॅनेल आलं की लॉकआउट दाबा, मग स्कॅनर ते वगळतो. खरं तर शनिवारी स्कॅनच करू नका. टॉवरवर होल्ड करून ठेवा. आणि आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंग वापरू नका. पहिलं अक्षर खातं, आणि विमानाचा नंबर नेमका तिथेच असतो. सलग रेकॉर्ड करा, नंतर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रंकेट सायलेन्स'ने मधली शांतता काढून टाका.

सनीवेलकर
आणि घरी बसून नका करू. मिलपिटासहून लेक हवेत असताना ऐकू येईल, पण टॉवरचा अँटेना जमिनीलगत, मधल्या इमारतींमुळे त्याचं उत्तर येईल न येईल. एकतर्फी संवाद ऐकून आजी विचारतील, समोरचा बोलत का नाही? विमानतळाच्या कुंपणापाशी गाडी लावा, तिथे स्कॅनरचा रबरी अँटेनाही पुरेल. विमानाचा नंबर इथे लिहू नका बरं.

डेटाचा_दुष्काळ
अवांतर: रीड-हिलव्ह्यू म्हणजे तेच ना, जिथे शिशाचं पेट्रोल विकणं २०२२ पासून बंद केलं?

सनीवेलकर
तेच. काउंटीने बंद केलं. आसपासच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा मुद्दा होता. वैमानिक चिडले, शेजारी खूश.

टेम्सकाठचा
शेजाऱ्यांचं बरोबरच आहे.

सनीवेलकर
विमानतळ आधी होता, घरं नंतर आली.

डेटाचा_दुष्काळ
म्हणून काय शिसं खायचं का मुलांनी?

उडती_चकली
अहो, या भांडणाला वेगळा धागा काढा ना! कुंपणापाशी होल्ड करून पाहिलं, दोन्ही बाजू येताहेत. फक्त ज्याचं विमान जवळ त्याचा आवाज फाटतोय.

ध्वनिवेडा
स्कॅनरचा आवाज अर्ध्याखाली आणा आणि लॅपटॉपवरची पातळी त्या हिशेबाने लावा. हेडफोनमधून काढलेला आवाज स्कॅनरच्या बटणाबरोबर वरखाली होतो, तेव्हा एकदा जमलं की त्याला हात लावू नका.

उडती_चकली
ओके. जमलं बहुतेक. नवऱ्याला बटणापासून लांब ठेवते.

नाशिकचा_नितीन
ताई, माझ्याकडे बाओफेंग यूव्ही-५आर वॉकीटॉकी आहे. त्यावर विमानं ऐकता येतील का?

ध्वनिवेडा
नाही. तो एफएम घेतो, विमानं एएमवर. आणि परवाना आहे का तुमच्याकडे?

नाशिकचा_नितीन
परवाना कसला?