वाळलेल्या रक्ताचे कार्ड आणि उन्हाळा

वर एका सदस्यांनी लिहिले आहे की नवजात बाळाच्या जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी टाचेतील रक्ताचे थेंब ज्यावर घेतात ते कागदी कार्ड एकदा वाळले की ते कसेही पाठवले तरी चालते. फेनिलकीटोन्युरियासारख्या (फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल शरीरात साचण्याच्या) आजारात, जिथे टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचे वजन मोजून ते ओळखणाऱ्या यंत्राने) अमिनो आम्लाचे प्रमाण मोजतात, तिथे हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींचे रक्षण करणारे एन्झाइम), बायोटिनिडेज (बायोटिन जीवनसत्त्व शरीराला पुन्हा वापरू देणारे एन्झाइम) आणि गॅलॅक्टोसेमियासाठीची (दुधातील गॅलॅक्टोज साखर न पचण्याच्या आजारासाठीची) गॅल्ट या एन्झाइमांच्या चाचण्यांत कार्डातून कापलेल्या सुमारे ३ मिलिमीटरच्या चकतीत एन्झाइम अजून काम करते का, हेच तपासले जाते, आणि ते उष्णतेने व दमटपणाने निकामी होत जाते. त्यामुळे सांगलीहून पुण्या-मुंबईकडे ऐन एप्रिलमध्ये निघालेले पाकीट कुरिअरच्या तापलेल्या गाडीत पडून राहिले, तर निरोगी बाळाच्या अहवालातही कमतरता दिसू शकते. कार्ड आडवे ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवावे (ड्रायर फिरवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा) आणि सिलिकाच्या पुड्यांसह बंद पिशवीत लगेच रवाना करावे.

याच्या नेमकी उलट चूक, म्हणजे आजार असूनही अहवाल नॉर्मल येणे, रक्त चढवलेल्या बाळाच्या बाबतीत होते, कारण दात्याच्या तांबड्या पेशींमुळे गॅल्ट आणि जी-सिक्स-पीडी नॉर्मल दिसतात. म्हणून अशा बाळाचा नमुना, नमुन्यासाठी एरवी थांबतात ते जन्मानंतरचे २४ तास पूर्ण झाले नसले तरी, रक्त चढवण्यापूर्वीच घ्यावा.