एलएलएमला कोणता गट घ्यावा? ‘स्कोप’ विचारणाऱ्यांशी माझं भांडण

सौदामिनी

दरवर्षी एलएलबीचे निकाल लागले की कोणी ना कोणी ज्युनियर माझ्या टेबलासमोर येऊन विचारतो, “मॅडम, एलएलएम करायचंय, कुठल्या गटाला स्कोप आहे?” (एलएलएम म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, गट म्हणजे तिच्यात निवडायचा विशेष विषय.) गेल्या आठवड्यात आलेल्या मुलीने तर वहीत तक्ताच केला होता. बिझनेस लॉ : पगार जास्त. सायबर : भविष्य आहे. क्रिमिनल : जुनं झालं. संविधान : यूपीएससीवाल्यांसाठी. सगळा यूट्यूबवरून उतरवलेला.

मी स्वतः असाच तक्ता करून फसलेय, म्हणून हा धागा. २०२१ साली, वकिलीची आठ वर्षं झाल्यावर, दोन वर्षांच्या एलएलएमला प्रवेश घेतला आणि बौद्धिक संपदा निवडली. का, तर स्कोप. पेटंटची कामं मिळतील असं डोक्यात होतं. पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, हे पहिलं सत्र संपताना कळलं. मी बी.ए. मराठी. (हसा. पेटंट कायद्याच्या कलम १२६ मध्ये स्वच्छ लिहिलंय. वकील असून कलम न वाचता फी भरली.) पुढच्या वर्षी त्या विषयाच्या बाई कॉलेज सोडून गेल्या आणि उरलेले तास एका सरांनी पुस्तकातून वाचून दाखवले. कॉलेज कुठलं ते विचारू नका.

तारलं प्रबंधाने. कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल अशी नोंद, मिळालं होतं. मी कोल्हापूरला जाऊन कारागिरांना एकच प्रश्न विचारत सुटले : कोणी नक्कल केली तर कोर्टात जायचं कोणी? भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे तो हक्क नोंदणीकृत मालकाचा आणि अधिकृत वापरकर्त्याचा. मालक म्हणजे दोन राज्यांची दोन महामंडळं. चप्पल शिवणाऱ्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, “कोर्टात जायला चपला झिजवायच्या, त्या आमच्याच.” ते वाक्य प्रबंधात घालायला मार्गदर्शकांनी परवानगी दिली नाही, अजून वाईट वाटतं. मग २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला आणल्या, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, आणि न्यायालयाने विचारलं की मालक कुठे आहेत, तुम्ही कोण? याचिका फेटाळली. पेपरात ते वाचताना माझं तिसरं प्रकरण कोणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटलं.

तर माझं म्हणणं असं की आधी आपल्याला छळणारा एक प्रश्न शोधा. मग तो प्रश्न ज्याला कळेल असा शिक्षक शोधा. तो ज्या गटाला शिकवत असेल, तो आपला गट. आणि क्रिमिनल ‘जुनं’? १ जुलै २०२४ पासून गुन्हे, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा असे तिन्ही कायदे नवे आलेत, एकेका कलमाचा अर्थ आता कुठे कोर्टात घासून निघतोय. याच्याहून नवं काय असणार!

अपेक्षांचं म्हणाल तर एलएलएमने माझी फी एका रुपयाने वाढली नाही. वाचायची शिस्त लागली, तेवढ्यावर मी खूश आहे.

तालुका_बार

मॅडम, लिहिलंय छान, पण बावीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढलेला माणूस म्हणून सांगतो : गट कोणता हा प्रश्नच चुकीचा. एलएलएम कशाला, हा खरा प्रश्न.

आमच्याकडे पक्षकार येतो तो वाटपाचा दावा, बांधाची भांडणं, कुळकायद्याची जुनी नोंद, अपघाताची नुकसानभरपाई, नाहीतर चेक बाउन्स घेऊन. यातलं काय कुठल्या गटात शिकवतात? माझ्याकडे संविधान घेऊन एलएलएम झालेला मुलगा होता. केशवानंद भारतीवर (संविधानाच्या मूळ ढाच्याचा गाजलेला निकाल) अर्धा तास बोलायचा, ऐकत राहावं असं. मनाई हुकमाचा अर्ज लिही म्हटलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३९ शोधायला दुपार झाली. विनंतीच्या कलमात काय मागायचं तेच लिहिलं नाही. तेवढी दोन वर्षं त्याने कोणा सिनियरच्या हाताखाली फाइली वाहिल्या असत्या तर आज स्वतःचं टेबल असतं.

पाटीवर ‘एलएलएम’ लिहिलं की पक्षकाराला वाटतं फी जास्त असणार, आणि तो शेजारच्या टेबलावर जातो. हा विनोद नाही.

तासिका_तत्त्व

दोघांचंही अर्धंच पटलं.

मी विधी महाविद्यालयात शिकवतो, आयडीत लिहिलंय तसा. आमच्यासाठी एलएलएम हौस नाही, प्रवेशपत्र आहे. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एलएलएमला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गाला ५०) आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. त्यामुळे ‘स्कोप’ विचारणाऱ्या मुलीची थट्टा मला आवडली नाही. तिला निदान विचारायचं सुचलं.

पण गंमत बघा. नेटच्या कायद्याच्या पेपरला दहा घटक आहेत : विधिशास्त्र, संविधान आणि प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा, गुन्हे, अपकृत्य आणि ग्राहक, व्यापारी कायदा, कौटुंबिक, पर्यावरण आणि मानवी हक्क, बौद्धिक संपदा आणि आयटी, तौलनिक सार्वजनिक कायदा. कुठलाही गट घ्या, त्यातला एखाद-दुसरा घटक धड होतो. बाकीचे आठ घरीच करायचे. म्हणून मी मुलांना सांगतो, ज्या गटात तुमचे ५५ टक्के सुखाने येतील तो घ्या. छळणारा प्रश्न वगैरे ठीक, पण छळणारी गुणपत्रिका हातात आली तर सेटचा अर्जसुद्धा भरता येत नाही. माझ्या बरोबरीचा एक जण ५४ वर अडकला. प्रबंध सुंदर होता त्याचा.

आणि अपेक्षा. सेट झालो की कायम नोकरी, असं मी धरून चाललो होतो. सेट होऊन सहा वर्षं झाली, अजून तासावर आहे. मानधन सत्र संपल्यावर येतं, कधी कधी पुढचं सत्र सुरू झाल्यावर. सकाळी तास घेतो, मग कोर्टात जातो. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, त्या मुभेवर घर चाललंय.

परत_आलेली

मी परदेशातून केलं, इंग्लंडमध्ये, एक वर्षाचं. सौदामिनी, तुमचा ‘शिक्षक शोधा’ हा सल्ला मी तंतोतंत पाळला होता. ज्या प्राध्यापकांचे लेख वाचून त्या विद्यापीठाला अर्ज केला, ते त्या वर्षी रजेवर! संकेतस्थळावर त्यांचा फोटो होता, वर्गात नव्हते. तेव्हा शिक्षक शोधा, आणि तो या वर्षी शिकवणार आहे का, हे ईमेल करून विचारा. पैसे भरण्याआधी.

आपल्याकडे गट म्हणजे थाळी, सगळं वाढूनच येतं. तिथे विषय सुटे मिळतात, खाऊगल्लीसारखे, आणि तीच पंचाईत. पहिल्या दोन आठवड्यांत वाटेल त्या वर्गात बसून बघायची सोय होती. मी बसले नाही. सगळे भारतीय घेतात म्हणून आंतरराष्ट्रीय लवाद घेतला. वर्गात इतकी गर्दी की वर्षभरात सरांना माझं नाव कळलं नाही. शेजारच्या खोलीत सहा जणांचा निर्वासितांच्या कायद्याचा वर्ग भरायचा, तिथून हसण्याचे आवाज यायचे.

नोकरीचं म्हणाल तर तिथे सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई परीक्षा द्यावी लागते, आणि तिला एलएलएमची अटच नाही. म्हणजे कर्ज काढून मी जे घेतलं, ते तिथल्या वकिलीच्या दारावर कोणी मागतच नाही. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. कलम १२६ वाल्या ताईंना माझा नमस्कार.

बीडहून_पुण्यात

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सौदामिनी मॅडम, तुमचं लिखाण आवडलं पण थोडा रागही आला. तुम्ही आठ वर्षं वकिली करून एलएलएमला गेलात. चूक झाली तरी परत यायला टेबल होतं. माझे वडील एसटीत वाहक होते. घरात पहिला वकील मी. ‘स्कोप’ हा शब्द आमच्या घरात चहासारखा रोज लागतो, कारण आई रोज फोनवर विचारते की पुढे काय. तिला ‘मला छळणारा प्रश्न शोधतोय’ असं कसं सांगू?

माझा हिशेब असा होता : एलएलएम करता करता जेएमएफसीचा, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या परीक्षेचा, अभ्यास करायचा. प्रॅक्टिस नसली तरी चांगल्या गुणांवर परीक्षा देता यायची. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची झाली. खोलीतल्या चौघांपैकी दोघांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. आता एलएलएमची दोन वर्षं त्या तीन वर्षांत धरत नाहीत. मग आधी काय करू? राष्ट्रीय विधी विद्यापीठात एका वर्षात होतं, पण ती फी आम्हाला झेपणारी नाही. शिवाय बार कौन्सिल एक वर्षाचं एलएलएम बंद करणार असंही ऐकतोय.

तासिका_तत्त्व

@बीडहून_पुण्यात, शेवटच्या मुद्द्यापुरतं : २०२१ च्या जानेवारीत बार कौन्सिलने तसे नियम काढले होते. लगेच सर्वोच्च न्यायालयात आव्हान गेलं आणि कौन्सिलनेच इतक्यात लागू करत नाही असं सांगितलं. एक वर्षाचे वर्ग अजून भरतात. त्या भीतीने निर्णय घेऊ नकोस.

दुसरं. क्लॅट पीजी, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएलएमची प्रवेश परीक्षा, दे, फी झेपो न झेपो. ओएनजीसी, पॉवरग्रिड, एनटीपीसी अशा सरकारी कंपन्यांनी विधी अधिकाऱ्यांच्या भरतीसाठी त्या परीक्षेचे गुण धरले आहेत. त्या नोकरीला एलएलबी पुरते. कित्येक मुलं ती परीक्षा केवळ प्रवेशासाठी असते असं समजून सोडून देतात.

तालुका_बार

बघा, शेवटी फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात. न्यायाधीश व्हायचं तर वकिली, नोकरी करायची तर एलएलबी. एलएलएम मधल्या मध्ये लोंबकळतंय.

बाळा, वकिलीची सनद घेतलीस ना? तीन वर्षं सनदेची नोंद झाल्यापासून मोजतात, तात्पुरती नोंद असली तरी. पण पुढे दहा वर्षं जुन्या वकिलाचा दाखला लागणार, की हा खरोखर कोर्टात उभा राहत होता. नुसती सनद कपाटात ठेवून एलएलएमच्या वर्गात बसलास तर तो दाखला कोण देणार? मी तरी नाही देणार.

सौदामिनी

@बीडहून_पुण्यात, राग बरोबर आहे. मी ज्या खुर्चीवरून लिहिलं ती तुला दिसली, मला दिसली नव्हती. तक्तेवाल्या मुलीची थट्टाही नको होती.

पण एका गोष्टीवर मी अडून आहे. तुझा मूळ हिशेब स्कोपचाच होता, आणि तो एका निकालाने एका दिवसात कोसळला. माझाही एका कलमाने कोसळला होता. @परत_आलेली यांचाही तसाच. स्कोप ही दुसऱ्याच्या हातातली वस्तू आहे, कधी काढून घेतील सांगता येत नाही. म्हणून आधी सनद, कोर्ट, आणि एलएलएम त्यानंतर, हे तालुका_बार यांचं म्हणणं तुझ्या बाबतीत मला पटतंय. (हे लिहिताना दात-ओठ खातेय.)

आणि खरंच तुला काहीच छळत नाही? कायद्यातलं?

बीडहून_पुण्यात

छळतं एक. पण तो एलएलएमचा विषय होईल का माहीत नाही.

बाबांवर तिकिटाच्या पैशात तफावत म्हणून आरोप होता. रक्कम सांगायचीसुद्धा लाज वाटेल इतकी लहान. विभागीय चौकशी झाली, साक्षीदार कोण ते आधी सांगितलं नाही, बाबांनी कागद मागितले ते मिळाले नाहीत. बडतर्फ. नऊ वर्षं कामगार न्यायालय. शेवटी कामावर घ्यायचा आदेश झाला तेव्हा निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी तेव्हा दहावीत होतो, तारखेला त्यांच्याबरोबर जायचो. चौकशी अधिकाऱ्याने कागद का दिले नाहीत, एवढंच मला अजून कळलेलं नाही.

सौदामिनी

अरे, हा संविधान आणि प्रशासकीय कायद्याचा विषय आहे. नैसर्गिक न्याय. बाजू मांडायची संधी खरी होती की कागदावरची, यावर ढीगभर निवाडे आहेत. पण वाहकांच्या चौकशीची कागदपत्रं पुढ्यात घेऊन बसलेला प्रबंध निदान माझ्या वाचनात नाही. आईला सांग, विषय आहे. मार्गदर्शकासाठी दोन नावं माझ्या डोक्यात आहेत, व्यक्तिगत संदेशात कळवते. दोघंही सध्या रजेवर नाहीत, विचारून घेतलंय.

परत_आलेली

😄 पाहिलं, शिकतात लोक.

तालुका_बार

एसटीच्या बडतर्फीच्या केसेस मी २००४ पासून चालवतोय. कपाटाचा खालचा खण पूर्ण त्याचाच आहे, निकाली निघालेल्या फाइली. काहींना वाळवी लागली असेल. तुझ्या बाबांसारखे तीसेक तरी त्यात असतील.

एलएलएम कर की नको कर, मत बदललेलं नाही माझं. पण शनिवारी कोर्टाला सुट्टी असली की मी ऑफिसातच असतो. स्वारगेटवरून सकाळची गाडी धर, दहापर्यंत पोचशील. पक्षकारांची नावं उतरवायची नाहीत, एवढी अट. आणि येताना मनाई हुकमाच्या अर्जाचा एक मसुदा लिहून आण. विनंतीच्या कलमासकट.